परत ठेवायची सोंगटी

खेळ सुरू केला आणि एकोणीसच्या एकोणीस सोंगट्या घरंगळत बोर्डाच्या तळाशी जाऊन पडल्या. पांढऱ्या, काळ्या, मधली लाल राणी, सगळ्यांचा एकच ढीग. त्यांच्या मागोमाग स्ट्रायकरही गेला.

"सर, हे काय झालं?" निलेशने खुर्ची मागे सरकवली.

विनीतने त्याच्या स्क्रीनकडे मान तिरकी करून पाहिलं. "काय होणार? बोर्ड भिंतीवर टांगलायस तू."

"भिंतीवर?"

"कॅरम आपण वरून बघतो. गेम चालवणाऱ्या इंजिनला ते कळत नाही. त्याच्या लेखी स्क्रीनचा तळ म्हणजे जमीन. तू सोंगटीला वजन दिलंस, आता ती पडणारच. ग्रॅव्हिटी स्केल किती ठेवलंय?"

"एक. डिफॉल्ट होतं ते."

"डिफॉल्ट." दातात अडकलेला कण बाहेर काढावा तसा विनीतने तो शब्द उच्चारला. "शून्य कर. आणि एक सांग, आयुष्यात कधी खरा कॅरम खेळलायस?"

"फोनवर खेळलोय ना, सर."

विनीत आपल्या स्क्रीनकडे वळला. ज्या पोराच्या बोटाला कधी बोरिक पावडर लागली नाही, तो कॅरम बनवतोय. कॅरमच्या मागे चाळीचं जे चित्र होतं, ते काढणारीही कधी चाळीत गेलेली नव्हती. तिने गॅलरीत पोपटाचा पिंजरा टांगला होता. विनीतचा सबंध जन्म लालबागच्या चाळीत गेला होता आणि तिथे पोपट पाळलेला त्याने कधी पाहिला नव्हता.

विनीत सत्तेचाळीस वर्षांचा होता. परळच्या त्या काचेच्या इमारतीत सगळे त्याला 'सर' म्हणत. नावाने हाक मारावी तर तो फार थोराड होता आणि साहेब म्हणावं तर फार खालच्या जागेवर. वीस वर्षं तो गेम बनवत होता. बटणांच्या फोनवरचे साप झाले, फुगे झाले, उड्या मारणारी माकडं झाली. त्याने बनवलेला एकही गेम आज कुठल्याही फोनवर चालत नव्हता. लग्न जमलं नाही, मग जमवायचंही राहून गेलं. उरला होता तो सगळ्यांविषयीचा एक बारीक, न बोललेला तिटकारा. त्याच्या जोरावर तो रोज सकाळी वेळेवर ऑफिसात पोचायचा.

आणि काम मात्र चोख करायचा. निलेशने मांडलेला पसारा त्याने दोन दिवसांत आवरला. प्रत्येक सोंगटीला बॉडी लावली, म्हणजे तिला वजन आलं. गोल कोलायडर लावला, म्हणजे कड आली. कड नसेल तर सोंगट्या भुतांसारख्या एकमेकींतून आरपार जातात. मग ड्रॅग, म्हणजे पावडर कमी पडलेल्या बोर्डावर सोंगटी जशी रेंगाळते तसं रेंगाळणं. आकडा त्याने कुठल्या पुस्तकातून घेतला नाही. घरच्या बोर्डावर सोंगटी किती लांब जाते ते त्याला डोळे मिटून ठाऊक होतं. चौकटीला त्याने स्टॅटिक करून टाकलं: कुणीही आपटलं तरी जागची हलायची नाही. सोंगट्या डायनॅमिक: जिकडून धक्का बसेल तिकडे जायचं. तिसरा एक प्रकार असतो किनेमॅटिक. ती वस्तू हुकमाने फिरते, वाटेतल्याला ढकलते, पण तिला स्वतःला कुणाचा धक्का लागत नाही. कॅरममध्ये तिचा उपयोग नसतो. ती केबिनमध्ये बसते, आणि तिचं नाव आकांक्षा होतं.

आकांक्षा या गेमची प्रॉडक्ट मॅनेजर, शिवाजी पार्कची. वय एकोणतीस, बोलणं गोड.

"सर, फील मस्तच आलाय," ती म्हणाली. "पण टेस्टचा डेटा बघितलात का? पहिले दोन-तीन गेम हरला की युजर गेला. सरळ अनइन्स्टॉल."

"कॅरम आहे. नवा माणूस हरणारच."

"हरू दे ना, पण आपल्या ॲपवर नको. पॉकेटला थोडं मॅग्नेट टाका. पहिले दहा गेम. मग काढून घ्या."

"त्याला फसवणूक म्हणतात."

"त्याला ऑनबोर्डिंग म्हणतात, सर."

ती हसली. विनीतही हसला, आणि जागेवर जाऊन त्याने ते केलं. न करण्याइतका तो कुणी लागून गेला नव्हता.

मुळात या जगातलं पॉकेट हे भोक नसतंच. सपाट जगाला खोली नसते, मग भोक कुठून पाडणार? तिथे फक्त एक न दिसणारा गोल असतो. सोंगटी त्यात शिरली की तो कळवतो आणि सोंगटी नाहीशी करतात. त्या गोलाला विनीतने पॉइंट इफेक्टर नावाचा एक भाग जोडला. त्याला बळ द्यायचं ते उणे: अधिक दिलं तर तो ढकलतो, उणे दिलं तर ओढतो. चार कोपऱ्यांना चार. इंजिनमध्ये प्रत्येक वस्तूला नाव द्यावं लागतं. विनीतने चौघांचं नाव ठेवलं 'कृपा'. कृपा एक, कृपा दोन, कृपा तीन, कृपा चार. स्वतःच्या विनोदाला दाद देणारं तिथे कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी ऑफिसचा टेस्टिंगचा टॅब तो घरी घेऊन आला.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची खोली. दाराच्या मागे भिंतीला टेकवलेला जुना बोर्ड, त्यावर आईची धुवट चादर. चार वर्षांत तो बोर्ड खाली आला नव्हता. विनीतचे वडील गुणाजी यांचं वय अठ्ठ्याहत्तर. गिरगावच्या एका छापखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. न बघता हात बरोबर त्या खणात जायचा आणि अक्षर उचलून आणायचा. तीच बोटं रविवारी गॅलरीत कॅरम खेळायची, आणि ते बघायला शेजारच्या चाळींतून माणसं यायची. आता तोच उजवा हात मांडीवर पडल्या पडल्या थरथरायचा. जेवताना चमचा वाजू नये म्हणून ते डाव्या हाताने उजवं मनगट धरत.

"ह्या काय?" गुणाजींनी टॅबकडे नाक मुरडून पाहिलं.

"कॅरम. मी केलाय."

"काचेर कॅरम? मगे पावडर खंय टाकतंस?"

"पावडर आकड्यात असते, बाबा. तुम्ही खेळून तर बघा. स्ट्रायकरवर बोट ठेवायचं, मागे ओढायचं, सोडायचं."

"हातात काय लागणा नाय, आवाज नाय. ह्येका खेळ म्हणतत?" असं म्हणत त्यांनी बोट ठेवलं. बाण थरथरला, सुटला. स्ट्रायकरने एका पांढऱ्या सोंगटीला जेमतेम चाटलं, आणि ती कोपऱ्याकडे जाऊन पॉकेटात पडली.

गुणाजी टॅबकडे बघत राहिले. मग त्यांनी पाय पोटाशी घेऊन नीट मांडी घातली.

तो गेम त्यांनी जिंकला. दुसराही. विनीत कपडे बदलता बदलता बघत होता. त्याला हसू आलं, ते फारसं चांगलं हसू नव्हतं. लहानपणापासून ज्या बोटांची कीर्ती ऐकली, ती बोटं आणि शिवाजी पार्कच्या मुलीच्या डेटातला एखादा अडाणी युजर, दोघांना एकच खेळणं पुरलं होतं.

आठ दिवसांत घराचा नूर पालटला. गुणाजी सकाळी दाढी करून बसू लागले. आई, सुभद्राबाई, रोज त्यांच्या मनगटाला निरगुडीचं तेल चोळायची. चार वर्षं चोळत होती. आता तिने शेजारणींना खोलीत बोलावून तेलाची बाटली दाखवायला सुरुवात केली.

"हात वळाक लागलो ह्यांचो. माज्या तेलाचो गुण."

"तेल-बिल काय नाय," गुणाजी म्हणत. "हात इसारलेलो, तेका आठवलां." पण रात्रीच्या जेवणाला त्यांनी मनगट धरायचं सोडून दिलं. चमचा वाजायचा, त्यांना ऐकू येत नसावं.

माणसं किती स्वस्तात सुखी होतात, असं विनीतला वाटलं. तेलात, आकड्यात, कशातही.

नववा गेम जिंकल्यावर गुणाजींनी जाहीर केलं, "आयतवारी धोंड्याक बोलवलंय."

विनीतचा घास हातातच राहिला. "कशाला?"

"कित्याक म्हणजे? खेळाक."

धोंडू समोरच्या चाळीतले. लालबागातलं लहान पोरही सांगेल की गुणाजी आणि धोंडू यांच्यामध्ये एक शिलाई मशीन उभी आहे. विनीत दहा वर्षांचा असताना चाळींच्या स्पर्धेत हे दोघे अंतिम सामन्याला आले. पहिलं बक्षीस शिलाई मशीन. गुणाजींची शेवटची सोंगटी पॉकेटात गेली, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि गुणाजींनी हात वर केला. सदऱ्याची बाही एका काळ्या सोंगटीला लागली होती, नियमाने तो फाउल. पंचांनी पाहिलं नव्हतं, धोंडूंनी पाहिलं नव्हतं. गुणाजींनी पॉकेटातून स्वतःच्या हाताने सोंगटी काढली आणि मध्यावर परत ठेवली. पुढच्या पाळीत धोंडू जिंकले.

"मशीन घालवल्यान ह्या माणसान," सुभद्राबाई आजही कुणालाही सांगायची. विनीतला ती परत ठेवलेली सोंगटी कधी विसरता आली नाही. बापाचा अभिमान वाटला म्हणून नव्हे. आईने त्यानंतर पाच वर्षं हाताने शिवलेल्या चड्ड्या घालून तो शाळेत गेला होता.

आता प्रश्न असा होता: दहावा गेम रविवारच्या आधीच होणार आणि कृपा संपणार. रविवारी धोंडूंच्या देखत बाबांचं बोट थरथरणार, बाण भलतीकडे जाणार, आणि जे चार वर्षं दाराआड होतं ते सगळ्या चाळीसमोर येणार. विनीतने लॅपटॉप उघडला. गुणाजींच्या नावापुढे त्याने कृपा कायमची करून टाकली. मग वाटलं, थोडी वाढवावी. पल्ला दुप्पट केला. धोंडूंच्या पाळीला बंद, बाबांच्या पाळीला चालू. 'म्हाताऱ्याला काय कळतंय,' तो स्वतःशी म्हणाला. हे वाक्य तो ऑफिसात युजरविषयी रोज म्हणायचा, त्यामुळे ते सहज आलं.

रविवारी सकाळी दहाला धोंडू आले. इस्त्रीचा शर्ट, कॉलरखाली रुमाल. खोलीत शेजारपाजारची चार-सहा डोकी.

"काय रे गुण्या, ऐकलां हात परत इलो म्हणान?"

"खेळून बघ."

"मशीन अजून चालता हां माजी. सुनेन कालच पडदे शिवल्यान."

"बस गप. पयली पाळी तुजी."

धोंडूंचं बोट स्थिर होतं पण नजर गेलेली. ते टॅब नाकाशी नेऊन खेळत. गुणाजींच्या सोंगट्या एकामागून एक जात होत्या. लोक 'वा' म्हणत होते. सुभद्राबाई दारात तेलाची वाटी घेऊन उभी होती, जणू ती वाटीच खेळत होती.

गुणाजींच्या दोन उरल्या. त्यांनी बोट मागे ओढलं तेव्हा हाताने मोठा हिसका घेतला. स्ट्रायकर एका पांढरीला कडेने घासून गेला. सोंगटी डुलत कोपऱ्याकडे निघाली आणि पॉकेटापासून चार बोटं अलीकडे थांबली. धोंडूंनी टॅबकडे हात पुढे केला.

आणि सोंगटी हलली. झोपेतून उठलेल्या माणसासारखी क्षणभर घुटमळली, मग आपली आपण चालत जाऊन पॉकेटात पडली.

"आयला! गेली की!" धोंडू ओरडले. "अजून जादू असा रे तुज्या हातात!"

गुणाजींनी रिकाम्या पॉकेटाकडे पाहिलं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. शेवटची पांढरी दुसऱ्या कोपऱ्याच्या बाजूला होती. त्यांनी ती पाडायचा प्रयत्नच केला नाही. अगदी हलका धक्का दिला, पोराला झोपेत पांघरूण सरकवावं इतका. ती तीन बोटं गेली, थांबली. खोलीत कुणाला काही कळलं नाही. विनीतला कळलं: बाबा बोर्ड तपासत होते. सोंगटी हलली, चालत गेली, पडली. टॅबवर सोनेरी कागदाचे तुकडे उडाले आणि वाजंत्री वाजली.

"जिंकलंस, गुण्या!"

"विनीत," गुणाजी म्हणाले, "बोर्डाखाली कोणी काय घातल्यान?"

"बाबा, टॅबला खाली काही—"

"माका शिकवू नको. चाळीस वर्सां बोर्ड बघितलंय. बोर्डाक उतार असा. माज्या पाळीक असा, धोंड्याच्या पाळीक नाय. कोणी केल्यान?"

विनीतने जमिनीकडे पाहिलं. तेवढ्यावरून सगळ्यांना उत्तर कळलं.

गुणाजींनी टॅब त्याच्यापुढे धरला. सोनेरी कागद अजून पडतच होते. "परत कशी ठेवची?"

"काय?"

"सोंगटी. दोनव. ह्यो माज्यो नाय. परत कशी ठेवची?"

विनीतने टॅब घेतला, उगाच दोन बटणं दाबली. "तशी सोय नाहीये, बाबा."

"सोय नाय?" गुणाजींनी हे इतक्या खऱ्या आश्चर्याने विचारलं की विनीतला मान वर करता आली नाही. "खेळ केलंस, आणि परत ठेवची सोय नाय?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"धोंड्यान मशीन घेतल्यान ती खेळून घेतल्यान. तू माका बसल्या जागेर भीक घातलंस. आठ दिवस. आणि मी जेवताना मनगट सोडून बसलंय, हात इलो म्हणान."

कुणी खाकरलं, कुणी उठलं. सुभद्राबाईने वाटीकडे पाहिलं. "मगे तेल...?"

"तेलाक काय बोलू नको," गुणाजी म्हणाले. "तेल खरा असा."

विनीतने लॅपटॉप उचलला आणि गॅलरीत जाऊन भिंतीशी बसला. दुसऱ्याला हसण्याची त्याला इतकी सवय होती की स्वतःची लाज वाटायला लागल्यावर ती नेमकी कुठे ठेवावी हे त्याला उमगेना. चार कृपांसमोरच्या चार खुणा पुसून त्याने त्या बंद केल्या. ते दोन मिनिटांचं काम. मग तो दीड तास बसून राहिला आणि एक बटण केलं. साधं, चौकोनी, राखाडी. दाबलं की शेवटची गेलेली सोंगटी पॉकेटातून निघून मध्यावर येई. त्यावर काय लिहावं असा विचार केला आणि लिहिलं: 'परत'.

पुढे हा गेम बाजारात गेला तेव्हा त्यात चारही कृपा जागच्या जागी होत्या आणि ते बटण नव्हतं. "हे कोण दाबणार, सर?" असं आकांक्षा म्हणाली आणि तिने ते काढायला लावलं. विनीतने निमूट काढलं. लाखो लोकांनी पहिले दहा गेम जिंकले.

पण त्या रविवारी, विनीत आत आला तेव्हा धोंडू गेलेले नव्हते. सगळी पांगली होती, ते एकटे चहा पीत बसले होते. गुणाजी भिंतीकडे तोंड करून. विनीतने टॅब दोघांच्या मध्ये ठेवला.

"आता सपाट आहे," तो म्हणाला. "आणि खाली हे 'परत'चं बटण."

गुणाजींनी पाहिलं नाही. धोंडूंनी कप खाली ठेवला. "चल रे गुण्या. बघूया तरी मेल्याचा सपाट."

गुणाजी वळले.

या वेळी खेळ लांबला. गुणाजींचा बाण कधी डावीकडे जाई, कधी उजवीकडे, आणि सोंगट्या जिथे थांबत तिथेच राहत. धोंडूंच्या सात गेल्या तेव्हा यांची एकही नव्हती. 'वा' म्हणायला कुणी नव्हतं, आणि त्यांना ते नको होतं. प्रत्येक चुकलेल्या फटक्यानंतर ते मान किंचित हलवीत, एखाद्या जुन्या, बरोबर असलेल्या हिशेबाला मान द्यावी तशी.

मग एकदा ते नुसतं बोट स्ट्रायकरवर ठेवत असताना हाताने हिसका घेतला. निशाण धरलंच नव्हतं. स्ट्रायकर सुटला, दोन भिंतींवर आपटला आणि एका पांढरीला पॉकेटात घालून स्वतः बाहेर थांबला. असा फटका तरुणपणीही शंभरात एकदा बसतो.

"गेली!" धोंडू म्हणाले. "तुजी पयली!"

"माका मारूचीच नव्हती," गुणाजी म्हणाले. "हात मारल्यान."

"हात तुजोच ना?"

 गुणाजींनी चष्मा वर सरकवला, टॅबवर खालच्या कोपऱ्यात ते राखाडी बटण शोधलं, आणि डाव्या हाताच्या बोटाने दाबलं. पांढरी सोंगटी पॉकेटातून निघून मध्यावर येऊन बसली.

मग त्यांनी उजवं मनगट धरलं आणि टॅब धोंडूंकडे सरकवला.

"तुजी पाळी."